हिशेब खात्याची वीजबचत

कारखान्याचे मालक महिनाभर पर्यावरणाच्या नावाने घसा कोरडा करत होते, कारण निसर्ग जपणाऱ्या कारखान्यालाच एक गलेलठ्ठ ऑर्डर मिळणार होती. त्यांनी खोलीखोलीत हालचालीवर लागणारे दिवे बसवले. माणूस हलला की उजेड, निपचित पडला की अंधार. आणि काय सांगू, हिशेब खात्याने अशी काही बचत केली, की तिथल्या मीटरच्या चाकावर कोळ्याने निवांत जाळं विणलं!

ऑर्डर देणाऱ्या बाई स्वतः पाहणीला आल्या. "या खात्याचं गुपित मला बघायचंच आहे," म्हणाल्या.

मालकांची छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटायला आलं. "आमचे सासरेबुवाच सांभाळतात हे खातं," म्हणत त्यांनी ऐटीत दार उघडलं. आत काळोख गुडुप्प. त्यांनी पाऊल टाकलं आणि लख्ख उजेड पडला. टेबलाटेबलावर टेकलेली डोकी, आणि घोरण्याचा एकच सूर.

कोपऱ्यातलं टक्कल किंचित वर झालं.

"जावईबापू, एक तर बाहेर जा, नाहीतर हलू नका. दिवा लागला की आमची झोप मोडते!"