वरच्या चौकीचा आकडा

डॉक्टर मियाओंनी कागद रुईफांगसमोर सरकवला आणि आकड्याखाली नखानं रेघ ओढली. तिच्या बापाच्या मूळपेशी बदलून चौदा दिवस झाले होते. रक्तातलं एक प्रथिन धोक्याच्या रेषेच्या तिप्पट वर गेलं होतं.

"आज ते ठणठणीत दिसतायत. दिसणारच. पण आठ-दहा दिवसांत नव्या पेशी त्यांच्याच आतड्यांवर आणि यकृतावर उठतील, असं हे रक्त सांगतंय. औषध आजपासून वाढवतो. तरी आवरेलच असं नाही. सही करा. त्यांना सांगायचं की नाही, ते तुम्ही घरचे ठरवा."

घरच्यांनी आजाऱ्याला असलं सांगायचं नसतं, ही रीत दोघांनाही ठाऊक होती. रुईफांगनं सही केली. त्या नव्या पेशी तिनंच दिलेल्या होत्या. तिला रडू आलं नाही, भीतीही वाटली नाही. आपले हात दुसऱ्याच कुणाचे आहेत, एवढंच वाटलं.

जंतुविरहित खोलीच्या काचेपलीकडे तिचा म्हातारा बाप क्वांग भाताची पेज चाटूनपुसून संपवत होता. तिला पाहताच त्यानं भिंतीवरचा फोन उचलला. अलीकडचा तिनं कानाला लावला.

"काय म्हणतं रक्त?"

"ठीक आहे, बाबा."

"मग तोंड एरंडेल प्याल्यासारखं का? आकडा सांग."

"डॉक्टर म्हणाले—"

"पोरी, तीस वर्षं मी नदीवर पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी वाचली. पूर येणार असला की वरच्या चौकीवरून आकडा यायचा. तेव्हा आमच्याकडं घोटाभरसुद्धा पाणी नसायचं. एकदा साहेबांचा हुकूम आला, लोकांना घाबरवू नका. मी दारोदार सांगत सुटलो, ठीक आहे म्हणून." त्यानं पेजेची वाटी बाजूला सारली. "बिचारे निवांत जेवायला बसले. चार तासांत पाणी आलं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. किती दिवस आहेत?"

"आठ. फार तर दहा." मग तिनं आकडाही सांगितला.

म्हाताऱ्यानं तो स्वतःशी पुटपुटून पाहिला.

"म्हणजे वेळ आहे की. आईला फोन लाव. आजच्या गाडीनं ये म्हणावं. मी बरा झाल्यावर नको. मला बोलता येतंय तोवर."

बाबा बरे झाल्याशिवाय येऊ नकोस, असं आईला तिनंच बजावलं होतं. भिंतीवरचा फोन मानेत धरून तिनं मोबाइलवर घरचा नंबर लावला.

"कसे आहेत गं?" आईनं विचारलं.

"ठीक आहेत," रुईफांगच्या तोंडून निघून गेलं.

काचेपलीकडे बापानं नकारार्थी मान हलवली.

"पुन्हा सांग," तो म्हणाला.