चिकटपट्टीची आतली बाजू

गाण्याच्या बाई लॅपटॉपवरून शिकवण्या घेत. "मावशी, शिकवणी आटोपली की कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावत जा. कुठून कोण डोकावेल, काय भरवसा!" असं भाचीनं बजावल्यापासून त्या न चुकता पट्टी लावू लागल्या.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, तर तिची चिकट बाजू ओली होती. बोटांना बुळबुळीत तार सुटली. बाईंनी ती फेकली, कॅमेऱ्याची काच स्पिरिटनं पुसली आणि नवी पट्टी लावली. तीही तशीच निघाली. शिवाय तिला पारोशा तोंडाचा वास येत होता. बाईंनी भाचीला बोलावून घेतलं.

भाची आली. तिनं पट्टी सोलली आणि बोटं रुमालाला पुसत ओरडली, "शी! मावशी, थुंकी लावून चिकटवतेस की काय?"

"मी कशाला लावू गं थुंकी?"

मग भाचीनं लॅपटॉप बंद केला, त्याची वायर काढली आणि कॅमेऱ्यावर जाड बँडेजपट्टी दाबून बसवली. दोघी समोर बसून राहिल्या.

"बघ, काही होत नाहीये," भाची म्हणाली.

तेवढ्यात पट्टीचा मधला भाग हळूच आत ओढला गेला, आणि काचेमागून मिटक्या मारल्याचा आवाज आला.