बारीक व्हायची घाई

“या गोळ्या कशाच्या, माहीत आहे तुम्हाला?” डॉक्टरीणबाईंनी भावासमोर बाटली धरली.

ताईच्या पर्समध्ये सापडली होती. वर सडपातळ कमरेच्या बाईचं चित्र, मागे मुंगीएवढी अक्षरं. भावाने वाचायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. तो सायकली दुरुस्त करणारा माणूस. निरोप मिळताच दुकान उघडं टाकून धावत आला होता. हातांचं ग्रीससुद्धा पुसलं नव्हतं.

“चहा-कॉफी किती घेतात त्या?”

“घेतच नाही म्हणा ना. कुणाकडे गेली आणि फारच आग्रह झाला तर अर्धा कप. तेवढ्यानेही तिची झोप उडते.”

“या एका गोळीत दोन-तीन कप कडक कॉफीएवढं कॅफीन आहे. रोज पिणाऱ्यानेही जपावं असं. यांना तर सवयच नाही, आणि लवकर गुण यावा म्हणून एका वेळी दोन-दोन घेत होत्या. हृदयाचे ठोके बेताल झाले, म्हणून कोसळल्या.”

स्वतःच्या बेकरीत कणीक मळता मळताच कोसळली होती ती. कामगारांनी उचलून आणलं.

भाऊ बाकावर बसला. हे हॉस्पिटल त्याच्या पायाखालचं. किडन्यांनी दगा दिल्यापासून मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायला तो इथेच यायचा. ताई न चुकता बरोबर असायची. उशाशी बसून बेकरीतल्या गमती सांगायची, त्याच्याआधी स्वतःच हसायची. आज तो बाहेर होता आणि ती आत.

त्याला एकेक आठवायला लागलं. स्वतःच्या जाडेपणावर जन्मभर विनोद करत आलेली बाई, पन्नाशी उलटल्यावर एकाएकी जेवण टाळायला लागली. पीठ तोलायच्या काट्यावर चढून उभी राहायची. केकवर नाव लिहिताना हात थरथरायचा. छातीत धडधडतं म्हणून एकदा सांगितलंही होतं तिने. तेव्हा हा काय बोलला?

“गोलूताई, आता बारीक होऊन दाखवायचंय कुणाला? स्थळबिळ आलंय की काय?”

सगळी बेकरी खो खो हसली होती. ताईही हसली होती. जरा उशिराच.

नर्सने आत बोलावलं. ताई पांढरीफटक पडली होती. एवढी मोठी ताई त्या खाटेवर कुठेतरी हरवल्यासारखी दिसत होती. भावाला रडू आलं, पण बाहेर पडला तो राग.

“डोकं ठिकाणावर आहे का तुझं? या वयात ही असली थेरं? तुला काही झालं असतं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं होतं?”

“ओरडू नकोस रे. बीपी वाढेल तुझं,” ताई पुटपुटली.

डॉक्टरीणबाई मागोमाग आल्या. नाडी बघून म्हणाल्या, “जिवावरचं टळलं, ताई. पण हृदयाला मार बसलाय. आता औषधं कायमची आणि दगदग अजिबात नाही.”

ताईने मान डोलावली. मग चाचरत विचारलं, “आणि ऑपरेशन? ते कधी करता येईल?”

“कसलं ऑपरेशन? भूलसुद्धा झेपायची नाही तुमच्या हृदयाला. ते आता विसरायचं.”

ताईने तोंड भिंतीकडे फिरवलं. आई गेली तेव्हा जिने भावाला पोटाशी धरून स्वतःचे डोळे कोरडे ठेवले होते, ती ताई हमसाहमशी रडायला लागली. भाऊ घाबरला. रागबिग कुठल्या कुठे पळाला. तिच्यावर वाकून त्याने हळूच विचारलं, “ताई, काय दुखणं लपवलंस माझ्यापासून? कसलं ऑपरेशन होतं तुझं?”

“माझं कुठलं रे? तुझं,” ताई म्हणाली. “माझी किडनी जुळली होती तुला. फक्त वजन तेवढं आडवं आलं होतं.”