वाटणीचं पातं

धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं लांबडं काहीतरी दोन्ही हातांवर धरून पंकजा बांधावर आली. फडकं सोडायच्या आधीच कानिफनाथनं ओळखलं.

"आईनं दिलंय, तात्या," ती म्हणाली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "दिवस मावळायच्या आत लाकडं व्हायला पायजेत."

पंकजाचा बाप, कानिफनाथचा थोरला भाऊ वैजनाथ, पहाटे गेला होता. तिरडी बांधून तयार होती आणि सरणाला लाकूड नव्हतं. कर्जतच्या वखारीला कुलूप. गावात होती ती ही एक बाभळ, गेल्या वादळात बांधावर आडवी झालेली. झाड कुणाचं यावर दोघा भावांचं जमलं नाही, म्हणून ती कुणाच्याच चुलीत गेली नाही. पडल्या जागी वाळून नुसती लोखंड झाली होती.

कानिफनाथच्या छपरात लाकूड कापायची पेट्रोलवरची जुनी मशिनं ओळीनं मांडलेली. सगळी भंगारातली, त्यानं स्वतः खोलून, धुऊन, जिवंत केलेली. त्यातली दोन आज बाभळीवर चालवून झाली. एकाची साखळी तुटली, दुसरं तापून बसलं ते बसलंच. पाव्हण्यारावळ्यांनी कुऱ्हाडी घातल्या, तर नुसत्या ढलप्या उडत होत्या.

राहिलं होतं मोठं मशीन. दोघा भावांनी तरुणपणी जोडीनं घेतलेलं. वाटणीच्या दिवशी ते कुणीच सोडेना. पंचांनी हात टेकले, तेव्हा वैजनाथच म्हणाला, "मंग तोडा त्याचे बी दोन वाटे." इंजिन कानिफनाथला गेलं, पातं आणि साखळी वैजनाथला. गाव पोट धरधरून हसलं आणि आपल्या कामाला लागलं. हे दोघे मात्र तिथंच अडकून राहिले. कानिफनाथनं श्रीगोंद्यापासून नेवाशापर्यंत भंगाराची दुकानं पालथी घातली. त्याला बसेल असं पातं मिळेना, म्हणून दुसरीच मशिनं घरी येत राहिली. लोक म्हणत, कानिफाला जुन्या मशिनांचा नाद लागलाय. नाद एकाच मशिनाचा होता. दर दसऱ्याला तो त्या बिनपात्याच्या इंजिनाला हळदकुंकू वाहायचा, दोरी ओढायचा आणि ते तापेपर्यंत वाजवायचा. दोन घरांमधल्या भिंतीपलीकडे थोरल्याला ऐकू जावं, एवढ्याचसाठी.

त्यानं फडकं सोडलं. पात्यावर गंजाचा ठिपका नव्हता. साखळीचा दात न् दात कानशीनं घासलेला. एका कडेला झेंडूची वाळकी पाकळी चिकटली होती. कानिफनाथनं ती अलगद काढली आणि कुठं टाकावी ते न कळून खिशात घातली.

छपरातून आणलेल्या इंजिनावर पातं जागच्या जागी बसलं, ठोकावंसुद्धा लागलं नाही. कानिफनाथला आनंद झाला. भाऊ अंगणात पडलाय आणि आपल्याला कसला आनंद होतोय, याची त्याला लाज वाटली. पण आनंद काही गेला नाही.

दुसऱ्या झटक्याला मशीन पेटलं. पातं बाभळीत असं उतरलं, की बघणारे चार पावलं मागं सरले. तांबड्या भुशानं कानिफनाथचे पाय बुडाले. मशिनाच्या आवाजात माणसाचं रडणं कुणाला ऐकू जात नाही. त्यानं रडून घेतलं.

"बास कर, कानिफा!" चुलतभाऊ अमृत ओरडला. "सरणाला पुरून उरलं!"

कानिफनाथ थांबला नाही. शेंड्यापर्यंत कापत गेला. बांध मोकळा झाला, अलीकडचं आणि पलीकडचं रान एकमेकांना दिसायला लागलं, तेव्हा कुठं त्यानं मशीन बंद केलं. माणसं ओंडके उचलून नेऊ लागली.

"पोरी," तो पंकजाला म्हणाला, "वैनीला सांग, आता हे मशीन दोन्ही घरांचं. तुमचं काय आसंल ते मी कापून देत जाईन. कवा बी."

पंकजा तिथंच उभी होती. तिनं फडकं झटकलं आणि हातावर पसरलं.

"आई म्हनली, काम झालं की पातं सोडून आन."

"आत्ता?"

"व्हय. वाटनी ती वाटनी, म्हनली."

ओंडका खांद्यावर घेतलेला अमृत दुसरीकडे बघत निघून गेला. कानिफनाथ खाली बसला. पान्यानं नट ढिले केले. पातं अजून चटके देत होतं. बोटं भाजली तरी त्यानं ते घट्ट धरून ठेवलं. मग तिच्या हातांवर ठेवताना, इतकी वर्षं भिंतीपलीकडे विचारायचं राहिलेलं त्यानं विचारलं.

"दसऱ्याला मी इंजन वाजवायचो. दादाला ऐकू जायचं का गं?"

"जायचं की. ते वाजलं की मगच आण्णा पातं पुजायला काढायचे."

कानिफनाथचा चेहरा उजळला. "आन काय म्हनायचा?"

पंकजानं फडक्याची गाठ मारली, ओढून पक्की केली.

"म्हनायचे, वाजू दे. कापत तर काईच न्हाई."