पाचला दहा कमी

"मॅडमनी पाचला पदभार सोडला, की तुमचा अर्ज नव्या साहेबांकडे. पुन्हा पहिल्यापासून," कुलगुरूंचे पीए म्हणाले. पाचला दहा कमी होते. माझ्या पीएचडीची मुदत आजच संपत होती आणि खांद्यावर चार महिन्यांची लेक रडून लाल झाली होती.

रडणं ऐकून कुलगुरू मॅडम स्वतःच बाहेर आल्या. अर्ज चाळून म्हणाल्या, "अगं, यावर तुझीच सही नाही! मी कशाखाली करू?"

मी एका हातानं पिशवी उपसली. झबलं, दुपटं, बाटली, सगळं निघालं, पेन सोडून.

"आण तिला इकडे." त्यांनी लेकीला घेतलं, स्वतःचं पेन मला दिलं. मी सही केली. मग तिला थोपटत थोपटतच त्यांनी खाली लिहिलं, 'एक वर्ष मुदतवाढ मंजूर.' मी झबलं, दुपटं पुन्हा पिशवीत भरू लागले.

तेवढ्यात नवे कुलगुरू, कुलसचिव, हारतुरेवाले मोठमोठ्यानं बोलत आले.

मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू. आत्ताच डोळा लागलाय हिचा."

पदावरचा त्यांचा तो शेवटचा आदेश. सगळ्यांनी पाळला. कुलसचिवांनी तर करकरणारे बूट काढून हातात घेतले.