नऊ दिवसांची प्रार्थना

रोज संध्याकाळी शिओमारा आपलं चार महिन्यांचं किरकिरं बाळ शेजारच्या म्हाताऱ्या दोन्या तोमासाच्या मांडीवर ठेवायची आणि "नवेनाला जाऊन येते," म्हणून निघायची. मसाया शहरात नऊ दिवसांच्या प्रार्थनेला कोण नाही म्हणणार? पण चर्चच्या दारावरून ती तशीच पुढे जायची आणि चर्चमागच्या बागेतल्या बाकावर बसून आटवलेलं दूध घातलेला बर्फाचा गोळा खायची. परतताना मात्र पाय जड व्हायचे. देवाचं नाव पुढे करून आपण पोटच्या पोरापासून पळतोय!

आज बाकाशेजारी कुणाचं तरी बाळ रडलं आणि हिला पान्हा फुटला. अर्धा गोळा तिथेच टाकून, ओल्या ब्लाऊजनिशी ती धावत परतली.

"दोन्या, मी चर्चला गेलेच नाही हो. एकही दिवस नाही!" ती हुंदके देऊ लागली. "बाकावर बसून नुसती गोळा खात होते."

"हळू बोल, आत्ता झोपलाय," मांडीवरच्या बाळाला थोपटत म्हातारी म्हणाली. "अगं पोरी, तुझ्या नऊ दिवसांचा आज सतरावा दिवस आहे. उद्या अठरावा. गोळा संपवून ये."