डावीकडचा डाव

धुकं इतकं दाट होतं, की शिंप्याला आपल्याच बंदुकीचं टोक दिसत नव्हतं. शत्रू दिसण्याचा प्रश्नच नव्हता. पण तो तसाही कधी दिसत नसे, त्यामुळे त्याबद्दल फारशी तक्रार नव्हती.

"उजाडलंय ना रे?" खड्ड्यात शेजारी बसलेल्या पहिलवानानं विचारलं. पहिलवान म्हणजे अख्ख्या तुकडीतला सगळ्यात काटकुळा माणूस. शिंपी मात्र खराखुरा शिंपी होता. लढाई सुरू होईपर्यंत लोकांचे सदरे शिवत होता.

"उजाडलंय म्हणतात."

शिंप्यानं हात लांब करून समोरच्या दोन खुंट्या चाचपल्या. हवालदारांनी सांगितलं होतं, "दिसेनासं झालं की डोळ्यांवर विसंबू नका, खुंट्यांवर विसंबा. दोन खुंट्यांच्या मधे नळी फिरेल तेवढाच मुलूख तुमचा. उजवीच्या पलीकडे आपली माणसं, डावीच्या पलीकडेही आपलीच माणसं. नळी खुंटीला अडली, की गप बसायचं." शिंप्याला ते ताबडतोब पटलं. खडूची रेघ सोडून कात्री चालवायची नाही, हे तो सुईत दोरा ओवता येत नव्हता तेव्हापासून ऐकत आला होता.

अडचण एवढीच, की त्या उघड्याबोडक्या माळावर खुंटीजोगं लाकूड औषधालाही नव्हतं. उजवीकडे तंबूच्या एका खुंट्यावर भागलं. डावीकडे पहिलवानानं कुठूनसा लांब दांड्याचा एक लोखंडी डाव आणून ठोकला होता. दांडा जमिनीत, वाटी वर, आणि चकाकू नये म्हणून वाटीला चिखल. कुठून आणला, हे शिंप्यानं विचारलं नाही. सगळ्या तळावर तेवढा मोठा डाव एकच होता.

काल आचारीमामांनी कालवण मगानं वाढलं आणि वाढता वाढता एकेकाचं तोंड न्याहाळलं. "माझा डाव उचलणाऱ्याच्या हाताला खरूज होईल, खरूज!" पहिलवानानं त्यांच्या दुःखात सामील होऊन मान हलवली आणि पुन्हा ताट पुढे केलं.

"देऊन टाक रे त्यांचा डाव," शिंपी आता म्हणाला. "मामांच्या घशाखाली घास उतरत नाही."

"देऊ की. लढाई संपली की लगेच."

तेवढ्यात डावीकडे काहीतरी सरपटलं.

थांबलं. पुन्हा सरपटलं. चिखलात जड काहीतरी ओढत आणल्यासारखं, आणि सोबत धापा.

"कोण आहे?" शिंप्याचा आवाज चिरकला.

उत्तर नाही. धापाही एकदम थांबल्या. आपला माणूस असता तर ओ दिली असती. शिंप्याचं बोट घोड्यावर गेलं, नळी आवाजाच्या रोखानं डावीकडे वळली, आणि ठण्ण!

नळी डावाच्या दांड्याला अडली.

"उपट तो!" पहिलवान कुजबुजला. "अंगावर येतंय ते! उपट!"

शिंप्याचा हात दांड्यावर गेला. एक हिसडा पुरला असता. सरपटणं आता अगदी पलीकडे, हातभर अंतरावर आलं होतं.

"रेघ आहे ती," शिंपी म्हणाला. दांडा त्यानं उपटला नाही.

आणि धुक्यातून आरोळी आली, "माझा डाव! अरे चोरांनो, आवाज ओळखतो मी त्याचा!"

पाठोपाठ धुक्यातून एक हात निघाला, त्यानं वाटी धरली, आणि वाटीच्या आधारानं आचारीमामा पोटासकट खड्ड्यात कोसळले. शेजारच्या खड्ड्यातल्या कुणीतरी चुगली केली होती. तिथून सरपटत यायचं आणि मुद्देमालासह चोर धरायचा, असा मामांचा डाव होता.

"मामा, 'कोण आहे' विचारलं ना मी! ओ का नाही दिलीत?"

"वा रे शहाण्या! ओ दिली असती तर चोर सावध नसता झाला?"

शिंप्यानं बोट घोड्यावरून काढलं; ते सरळ करायला त्याला दुसरा हात लागला. धुकं जरा विरळ झालं होतं. मामांनी त्या बोटाकडे पाहिलं. मग नळीकडे, ती अजून दांड्याला टेकून होती. मग दांड्याच्या पलीकडे. तिथं चिखलात त्यांच्याच पोटानं ओढलेली रुंद, ओली पन्हळ होती.

मामा खाली बसले. बराच वेळ ते आपल्या पोटावरून हात फिरवत राहिले. जणू कुणीतरी नुकतंच परत आणून दिलं होतं.

"मामा, चुकलं माझं," पहिलवान पुटपुटला. "थांबा, काढून देतो."

"हात लावलास तर हात मोडीन!"

मामा उठले. बाहीनं त्यांनी डावाची वाटी लखलखीत पुसली, हाताची सवय. मग चूक ध्यानात आली, तसा ओंजळभर चिखल घेऊन लेकराला तेल चोपडावं तसा तिला चोपडला. एक धोंडा उचलून दांड्याशेजारची माती घट्ट ठोकली. आणि डाव हलवून पाहिला. हलला नाही.

"तुझा टाका पक्का आहे हो, बाळा," ते शिंप्याला म्हणाले आणि शेजारच्या खड्ड्याकडे निघाले. या वेळी मोठमोठ्यानं खोकत.

दुपारी कालवण पुन्हा मगानंच आलं.

"मामा, हा काय पोरखेळ?" हवालदार खेकसले. "डाव कुठाय तुमचा?"

"पहाऱ्यावर," मामा म्हणाले, आणि शिव्या देत देत त्यांनी पहिलवानाच्या ताटात तिसरा मग ओतला.